सतरा इंचांचा हिशेब : मोठ्या पडद्याच्या एका स्वस्त लॅपटॉपचे प्रकरण

प्रसंग

वाईला राहणारे माझे काका माध्यमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले आणि गेली दहा वर्षे पुण्यातील दोन-तीन प्रकाशकांची मुद्रिते, म्हणजे छपाईआधीची नमुना पाने, तपासून देतात. मराठी विश्वकोशाचे कार्यालय वाईतच असल्यामुळे मुद्रितशोधन म्हणजे काय, हे त्या गावात सहसा कुणाला समजावून सांगावे लागत नाही. काकांना मात्र हे काम साठीनंतर नव्याने शिकावे लागले, कारण एसटीच्या पार्सलने येणारे कागदांचे गठ्ठे बंद झाले आणि त्यांच्या जागी पीडीएफ येऊ लागल्या. चूक दिसली की तिच्यावर पिवळा पट्टा ओढायचा, शेजारी टीप लिहायची आणि फाइल परत पाठवायची, ही आता कामाची रीत झाली आहे. मी पुण्यात अक्षरजुळणीचा आणि छपाईपूर्व कामाचा छोटा व्यवसाय करतो, त्यामुळे त्यांनी तपासलेली बरीचशी पाने दुरुस्तीसाठी माझ्याच ऑपरेटरकडे येतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये दिवाळी अंकांची कामे सुरू झाली, तेव्हा काकांकडे दहा वर्षांपूर्वी घेतलेला १४ इंची लॅपटॉप होता. त्याचा पडदा १३६६ × ७६८ पिक्सेलचा, प्रोसेसर पाचव्या पिढीचा आय३, रॅम ४ जीबी आणि साठवण जुन्या पद्धतीच्या फिरत्या हार्ड डिस्कची होती. एका प्रवासलेखात 'सह्याद्रीच्या दऱ्या' असे हवे असताना 'सह्याद्रीच्या दर्या' असे पडले होते आणि ते काकांच्या नजरेतून सुटले. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना अर्धचंद्राकार र जाऊन त्याचा रफार होणे, हा आमच्या धंद्यातला रोजचा उपद्रव आहे आणि काका त्यावर डोळ्यांत तेल घालून असतात, त्यामुळे ही चूक त्यांच्या जिव्हारी लागली. पान छपाईला जाण्याआधी ऑपरेटरच्या लक्षात आले, म्हणून निभावले.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. एका ऑनलाइन दुकानात १७.३ इंची लॅपटॉप ३१,९९० रुपयांना होता आणि ५४,९९९ ही किंमत खोडून दाखवली होती. "अरे, एवढा मोठा पडदा बत्तीस हजारांत मिळतोय. घेऊन टाकू का?" असा त्यांचा सरळ प्रश्न होता. त्यांनी बत्तीस हजारच बाजूला काढून ठेवले होते. शिवाय विंडोज १० साठीची सुरक्षा-सुधारणांची नेहमीची सोय १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार होती आणि त्यांचा जुना प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नव्हता, त्यामुळे 'यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी बघू' असे सांगून विषय टाळणेही योग्य नव्हते.

इंच कशाचे मोजायचे?

पडद्याचे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, म्हणजे कर्णावर मोजतात, आणि येथूनच गैरसमजाला सुरुवात होते. १६:९ या प्रमाणातला १७.३ इंची पडदा सुमारे ३८.३ सेंटिमीटर रुंद आणि २१.५ सेंटिमीटर उंच असतो. काकांचा १४ इंची पडदा ३१ रुंद आणि १७.४ उंच होता. म्हणजे रुंदीत सात सेंटिमीटरांहून अधिक वाढ मिळत होती, पण पुस्तकाचे पान उभे असते आणि उंचीत मिळणारी वाढ चारच सेंटिमीटरांची होती. १६:१० प्रमाणाचा १६ इंची पडदा घेतला, तर त्याची उंची तितकीच, २१.५ सेंटिमीटर, भरते आणि रुंदी नेहमीच्या १५.६ इंची लॅपटॉपइतकीच राहते. उभे पान वाचणाऱ्या माणसाच्या दृष्टीने १६ आणि १७.३ या आकड्यांत म्हणूनच काही अंतर नाही; जास्तीची रुंदी पानाच्या दोन्ही बाजूंना करडी पट्टी म्हणून पडून राहते.

पडद्यावर ठिपके, म्हणजे पिक्सेल, किती, हा इंचांइतकाच महत्त्वाचा आणि जाहिरातीत बारीक अक्षरांत दिलेला भाग. या लॅपटॉपच्या माहितीत 'एचडी प्लस' असे लिहिले होते. या नावाने फसायला होते, कारण एचडी प्लस म्हणजे १६०० × ९०० पिक्सेल. साध्या एचडीच्या १३६६ × ७६८ हून ते अधिक आहेत हे खरे, पण फुल एचडीच्या १९२० × १०८० पेक्षा बरेच कमी आहेत. मोठा पडदा स्वस्तात विकायचा, तर काटछाट कुठेतरी करावी लागते आणि ती बहुधा पडद्यातच केलेली असते, ही गोष्ट मला या व्यवहारात सर्वांत विचित्र वाटते. ज्या एका वस्तूसाठी गिऱ्हाईक येतो, तिच्यातच हात आखडलेला असतो.

याचा काकांच्या कामाशी संबंध कसा लागतो, ते मी कागदावर मांडून पाहिले. त्यांच्याकडे येणारी पुस्तके बहुतेक डेमी आकाराची, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंची असतात. विंडोजची खालची पट्टी आणि पीडीएफ वाचकाच्या वरच्या पट्ट्या वजा केल्या, तर जुन्या लॅपटॉपवर पानासाठी उभ्या दिशेने सुमारे ६१० पिक्सेल उरत होते, एचडी प्लसवर सुमारे ७३० उरतील आणि फुल एचडीवर ९१० च्या आसपास. पूर्ण पान एका नजरेत ठेवले, की १२ पॉइंटच्या टंकाच्या वाट्याला अनुक्रमे १२, १४ आणि १८ पिक्सेल येतात. रोमन अक्षराला बारा पिक्सेलही पुरतात. देवनागरीला त्या तेवढ्याच उंचीत वर मात्रा, रफार आणि अनुस्वार, मधे शिरोरेषा आणि खाली उकार किंवा जोडाक्षराचा पाय, एवढा संसार बसवायचा असतो. 'शुद्ध' आणि 'शुध्द' यांतला फरक द आणि ध यांपैकी कोण कुणाच्या पायाशी आहे यावर ठरतो, आणि बारा पिक्सेलांत तो फरक म्हणजे दोन-तीन करडे ठिपके असतात. बारावरून चौदावर जाण्यासाठी बत्तीस हजार रुपये मोजायचे होते.

येथे एक आक्षेप रास्त आहे, आणि काकांनी तो लगेच घेतलाही: पान मोठे करून वाचले तर? मोठे करून वाचताच येते आणि ओळीओळीने वाचण्याची पहिली फेरी काका तशीच करतात. दुसरी फेरी मात्र पूर्ण पान समोर ठेवूनच करावी लागते, कारण पानाच्या तळाशी सुटलेली एकटी ओळ, परिच्छेदाची चुकलेली सुरुवात, वरच्या शीर्षकपट्टीतले आधीच्या प्रकरणाचे राहून गेलेले नाव, या गोष्टी अर्धे पान पाहून कळत नाहीत. त्या फेरीतच जाता जाता रफार आणि अनुस्वारही पुन्हा तपासले जातात. 'दर्या' निसटला तो याच फेरीत.

शेजारच्या लॅपटॉपवर दोन दिवस

कागदावरचा हिशेब कितीही पटला, तरी यंत्र हाताळल्याशिवाय मत देऊ नये असे मला वाटते. सुदैवाने काकांच्या शेजारच्या मुलाने तोच लॅपटॉप जूनमध्ये घेतला होता. तो स्पर्धा परीक्षांची तयारी करतो आणि त्याने शनिवार-रविवारसाठी यंत्र मोकळ्या मनाने आमच्या हवाली केले. मी वाईला गेलो आणि आम्ही दोघांनी काकांच्याच टेबलावर, त्यांच्याच खुर्चीत बसून, खऱ्या मुद्रितांवर काम करून पाहिले.

पहिली गोष्ट उठून उभे राहिल्याबरोबर दिसली. बसून सरळ पाहताना पडदा ठीक होता. उभे राहून वरून पाहिले की काकांनी ओढलेला पिवळा पट्टा पांढऱ्या पानात विरघळून जाई, आणि पडदा मागे कलवला की पानाचा वरचा आणि खालचा भाग वेगवेगळ्या छटांचा दिसे. माहितीपत्रकात पॅनेलचा प्रकार दिलेला नव्हता, पण वरून-खालून पाहताना रंग असे पालटणे ही टीएन या स्वस्त जातीच्या पॅनेलची खूण आहे. आयपीएस पॅनेलमध्ये हा दोष जवळजवळ नसतो. पडदा जितका उंच, तितका हा दोष अधिक जाणवतो, कारण डोळा एका जागी असला तरी पडद्याच्या वरच्या आणि खालच्या कडेकडे पाहण्याचा कोन वेगवेगळा होतो. लहान टीएन पडद्यावर जे खपून जाते, ते मोठ्यावर खटकते.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म होती. विंडोजमधली अक्षरे काकांना बारीक वाटली, म्हणून आम्ही सेटिंगमध्ये जाऊन सर्व काही १२५ टक्के मोठे केले. अक्षरे सुखावह झाली. पण १६०० × ९०० च्या पडद्यावर १२५ टक्के ठेवले, की कामाला मिळणारी जागा १२८० × ७२० एवढी उरते, आणि ती जुन्या लॅपटॉपच्या १३६६ × ७६८ हूनही कमी आहे. यादीतले ईमेल कमी दिसू लागले आणि पीडीएफमधली टिपांची चौकट उघडली की पान आक्रसले. पडदा सव्वातीन इंचांनी वाढला आणि त्यावर मावणारा मजकूर घटला, हे पाहून काका हसले. मला मात्र हसू आले नाही, कारण दुकानात पाच मिनिटे उभे राहून हे कुणाच्याही लक्षात आले नसते.

वेगाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. प्रोसेसर सेलेरॉन एन४५००, दोन कोअरचा, २०२१ मध्ये बाजारात आलेला. रॅम ८ जीबी आणि साठवण एसएसडी, त्यामुळे जुन्या यंत्रापेक्षा ते लवकर सुरू होत होते. मात्र छायाचित्रांनी भरलेल्या दिवाळी अंकाची पीडीएफ पुढे सरकवली की पान आधी धूसर येई आणि मग क्षणभराने स्पष्ट होई. शेकडो पाने उलटणाऱ्याला तो क्षण साठत जातो.

कळफलकाच्या उजवीकडे अंकांचा वेगळा गट होता. हिशेब करणाऱ्याला तो उपयोगी पडतो, पण त्यामुळे अक्षरांच्या कळा पडद्याच्या मध्यापासून डावीकडे सरकतात आणि टंकलेखन करणारा नकळत तिरका बसतो. काका इनस्क्रिप्ट या देवनागरी कळमांडणीने दहा बोटांनी टंकलेखन करतात. अर्ध्या तासात त्यांनी मान चोळायला सुरुवात केली. वजन घरच्या काट्यावर चार्जर सोडून २ किलो ३०० ग्रॅम भरले आणि पुण्याला मुलीकडे जाताना ते नेतात त्या सॅकच्या कप्प्यात लॅपटॉप बसलाच नाही.

यंत्राच्या पाठीवर आणि चार्जरवर भारतीय मानक ब्यूरोच्या नोंदणीची खूण आणि 'आर'ने सुरू होणारा क्रमांक होता. असे क्रमांक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' अॅपवर तपासता येतात आणि कमी परिचित नावाचा माल घेताना मी ते आवर्जून तपासतो. येथे क्रमांक जुळले. म्हणजे मालात खोट नव्हती. काकांच्या कामासाठी तो अपुरा होता, एवढेच.

त्या मुलासाठी मात्र तोच लॅपटॉप अगदी योग्य ठरला आहे, हे नोंदवले नाही तर अन्याय होईल. तो आणि त्याचे दोन मित्र ओसरीत यंत्र ठेवून तीन हात अंतरावरून व्याख्यानांचे व्हिडिओ पाहतात. व्हिडिओला पिक्सेलांच्या ९०० रांगा पुरतात, चार्जर भिंतीला कायम लावलेला असतो आणि तिघांना एकदम दिसण्यासाठी काचेचा आकार हीच खरी गरज असते. त्याने विचारले असते, तर मी 'घे' म्हणालो असतो.

चष्मा

रविवारी दुपारी मी एक छोटी चाचणी घेतली. सारख्याच मजकुराची वेगवेगळी पाने घेऊन प्रत्येकात बारा चुका पेरल्या: चार 'दर्या-दऱ्या' आणि 'आचार्यांना-आचाऱ्यांना' या जातीच्या, चार 'द्ध-ध्द' च्या आणि चार अनुस्वार व विरामचिन्हांच्या. पूर्ण पान समोर ठेवून काकांनी जुन्या लॅपटॉपवर पाच चुका पकडल्या आणि १७.३ इंचीवर सात. एका माणसाच्या दोन पानांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला मान्य आहे. पण चाचणीच्या वेळी मी आकड्यांपेक्षा काकांच्या बसण्याकडे पाहत होतो, आणि तिथे जे दिसले ते या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण ठरले.

जुन्या लॅपटॉपसमोर ते पुढे वाकून बसत. मोजपट्टी धरली तर डोळ्यांपासून पडदा सुमारे ४० सेंटिमीटर. मोठ्या लॅपटॉपसमोर ते आपोआप मागे सरकले, कारण ३८ सेंटिमीटर रुंदीचा पडदा इतक्या जवळून एका नजरेत मावत नाही. आता अंतर ५० सेंटिमीटर झाले. १७.३ ला १४ ने भागले तर उत्तर सव्वाच्या किंचित खाली येते, आणि ५० ला ४० ने भागले तर बरोबर सव्वा. पडदा जेवढ्या पटीने वाढला, तेवढ्याच पटीने माणूस मागे गेला आणि डोळ्यांना पडदा होता तेवढाच दिसत राहिला.

त्यात काकांचा चष्मा द्विकेंद्री. खालच्या भिंगात वाचनासाठीचा जादा नंबर अडीचचा होता आणि अडीच नंबरचे भिंग ४० सेंटिमीटरवर स्पष्ट दाखवते, कारण अंतर म्हणजे एक मीटर भागिले नंबर. ५० किंवा ६० सेंटिमीटरवरचे अक्षर त्या भिंगाच्या टप्प्याबाहेर जाते, वरच्या भिंगाच्या टप्प्यात येत नाही, आणि अडुसष्टाव्या वर्षी डोळ्याची स्वतःहून जुळवून घेण्याची ताकद जवळजवळ उरलेली नसते. शिवाय खालच्या भिंगातून पाहायचे म्हणून हनुवटी वर उचलावी लागते, आणि पडदा जितका उंच तितकी ती जास्त उचलावी लागते. मान चोळण्याचे खापर मी सकाळी केवळ कळफलकावर फोडले होते, ते अर्धे चष्म्यावर फोडायला हवे होते.

संध्याकाळी सहानंतर अक्षरे नाचतात, या काकांच्या नेहमीच्या तक्रारीवर महागडा पडदा हा उपाय आहे असे आम्ही दोघांनी गृहीत धरले होते. चष्म्याचा विचार दोघांच्याही मनात आला नव्हता, याचे मला अजून नवल वाटते. सोमवारी काका साताऱ्याला नेत्रतज्ज्ञांकडे गेले. पुढे न वाकता सरळ बसल्यावर टेबलावरच्या पडद्याचे होणारे अंतर मोजून, म्हणजे ६० सेंटिमीटर, नेले होते. त्या एकाच अंतरासाठीचा एकसंध भिंगांचा साधा चष्मा त्यांना मिळाला. चौकट धरून १,४०० रुपये लागले.

पर्याय आणि खर्च

डोळ्यांचे अंतर ६० सेंटिमीटरवर निश्चित झाल्यावर खरेदीचा प्रश्न बदलला. आता पडदा लॅपटॉपलाच चिकटलेला असला पाहिजे ही अट राहिली नाही. काका नव्वद टक्के काम त्याच टेबलावर करतात आणि घरी इन्व्हर्टर आहे.

चुलतभावाने ३४,००० रुपयांचा १५.६ इंची फुल एचडी लॅपटॉप सुचवला होता, रायझन ३ ७३२०यू प्रोसेसरचा. आकडा सात हजारांचा असल्यामुळे तो अगदी नवा वाटतो. पण त्या मालिकेत तिसरा अंक आतील रचनेची पिढी सांगतो, आणि तेथे २ आहे, म्हणजे २०१९ मध्ये आलेली झेन २ रचना. ती वाईट नाही. काकांच्या कामाला ती सेलेरॉनपेक्षा कितीतरी बरी पडली असती. मात्र त्यातली रॅम मदरबोर्डवर डाख दिलेली असते, ती पुढे वाढवता येत नाही, आणि एवढे करून १५.६ इंची पडद्यावर पूर्ण पान पुस्तकातल्या पानापेक्षा लहानच दिसले असते. १६:१० प्रमाणाचा, १९२० × १२०० पिक्सेलचा १६ इंची लॅपटॉप मला मनापासून आवडला होता, पण बऱ्यापैकी प्रोसेसरसह त्याची किंमत चव्वेचाळीस हजारांच्या खाली येईना.

उरला तो मार्ग आम्ही घेतला: कार्यालयीन वापरातून निघालेला, दुरुस्त करून विकला जाणारा १४ इंची फुल एचडी लॅपटॉप आणि टेबलावर वेगळा मॉनिटर. जुना लॅपटॉप घेताना मला एकच अट महत्त्वाची वाटते, ती प्रोसेसरच्या पिढीची. आठव्या पिढीपासूनचे इंटेलचे कोअर प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत आहेत. सातव्या पिढीचे, मोजके अपवाद वगळता, नाहीत. पहिल्या दुकानदाराने सहाव्या पिढीचे यंत्र दाखवून "विंडोज ११ टाकून देतो" असे सांगितले. टाकता येते, हे खरे आहे. पण तपासणी चुकवून बसवलेल्या विंडोजला पुढच्या सुधारणा मिळत राहतील याची हमी मिळत नाही, आणि काकांना तर जुने यंत्र त्याच कारणासाठी सोडायचे होते. दुसऱ्या दुकानात आय५-८२५०यू, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी असलेले यंत्र १९,५०० रुपयांना मिळाले. २०१७ चा हा चार कोअरचा प्रोसेसर २०२१ च्या दोन कोअरच्या सेलेरॉनपेक्षा चार वर्षांनी म्हातारा आहे आणि कामाला स्पष्टपणे चपळ आहे. पैसे देण्याआधी मी बॅटरीचा अहवाल काढला, जो विंडोजच्या आज्ञा-खिडकीत 'पॉवरसीएफजी' ला 'बॅटरीरिपोर्ट' जोडून मिळतो: मूळ क्षमता ४८ वॉट-तास, उरलेली ३५.

मॉनिटर २३.८ इंची, आयपीएस, फुल एचडी. सप्टेंबरच्या सणासुदीच्या विक्रीत ८,२०० रुपयांना मिळाला. त्याच्या पडद्याची उंची २९.६ सेंटिमीटर, म्हणजे ए४ कागदाच्या उंचीला अगदी चिकटून. त्याचे ठिपके १७.३ इंचीपेक्षा विरळ आहेत, इंचाला १०६ ऐवजी ९२ च्या आसपास, आणि कुणी नुसती घनता मोजून तुलना केली तर हा मॉनिटर हरतो. पण पूर्ण पानासाठी किती रांगा मिळतात हे पाहायचे असेल, तर ७३० ऐवजी ९१० मिळतात, आणि पान २५ सेंटिमीटर उंच, म्हणजे छापील डेमी पानापेक्षा मोठे दिसते. १७.३ इंचीवर हेच पान साडेसतरा सेंटिमीटरांत आवरत होते.

खरी करामत मॉनिटर उभा केल्यावर झाली. स्वस्त मॉनिटरचा पाया फक्त पुढे-मागे कलतो, फिरत नाही. पण पाठीवर शंभर मिलिमीटर अंतराची चार भोके असतील, तर भिंतीवरच्या टीव्हीसाठी मिळणारा साधा ब्रॅकेट तेथे बसतो. वाईतल्या सुताराने जाड फळीला ब्रॅकेट जोडून टेबलामागे ती फळी ठोकली आणि मॉनिटर आडवा होता तो उभा केला. विंडोजमध्ये दिशा बदलली की रुंदी १०८० आणि उंची १९२० होते. डेमी पान आता रुंदीला भिडते, छापील पानाच्या दुप्पट उंचीचे दिसते, आणि १२ पॉइंटच्या अक्षराला तीस-एकतीस पिक्सेल मिळतात. टीएन पॅनेल असे उभे केले असते, तर त्याचा वरखालचा दोष डावी-उजवीकडे आला असता आणि डाव्या-उजव्या डोळ्याला दोन रंग दिसले असते. म्हणून आयपीएसचा आग्रह येथे शोभेचा नव्हता. ब्रॅकेट, फळी आणि मजुरी मिळून ७०० रुपये झाले. चष्म्यासकट सगळा खर्च २९,८००.

निर्णयानंतर

उभ्या मॉनिटरवर, नव्या चष्म्याने, तशाच पेरलेल्या बारा चुकांपैकी काकांनी अकरा पकडल्या. निसटलेली बारावी होती 'शुध्दलेखन' ही, आणि ती मीच मुद्दाम शीर्षकात, २४ पॉइंटांत टाकली होती. मोठ्या अक्षरांतली चूक मुद्रितशोधकाला दिसत नाही, हे आमच्या व्यवसायात सर्वांना ठाऊक आहे आणि तिच्यावर पिक्सेलांचा काही उपाय चालत नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दोन दिवाळी अंक आणि एका कादंबरीची मुद्रिते या मांडणीवर तपासून झाली. संध्याकाळी सहाची मर्यादा आता साडेसातपर्यंत सरकली आहे. त्यात चष्म्याचा वाटा किती आणि मॉनिटरचा किती, हे वेगळे काढता येत नाही, कारण आम्ही दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात बदलल्या. अभ्यासाच्या दृष्टीने ही चूकच झाली. आधी नुसता चष्मा बदलून पंधरा दिवस जुन्या लॅपटॉपवर काम करून पाहायला हवे होते, पण अंकांच्या घाईत तेवढी उसंत नव्हती.

दोन अडचणी राहिल्या आहेत. कोथरूडला मुलीकडे गेल्यावर मॉनिटर नसतो आणि १४ इंची फुल एचडीवरची अक्षरे फार बारीक पडतात, म्हणून तेथे काका पान मोठे करून फक्त पहिली फेरी उरकतात आणि पूर्ण पानाची फेरी वाईला परतल्यावर करतात. बॅटरी सव्वादोन तास टिकते आणि पुढच्या दिवाळीपर्यंत ती बदलावी लागेल असे धरून चालावे. त्याचे तीनेक हजार वरच्या बेरजेत मी धरलेले नाहीत, ते धरले तर एकूण खर्च त्या १७.३ इंची लॅपटॉपच्या किमतीपेक्षा सात-आठशे रुपयांनी जास्तच भरतो.